लायब्ररी आणि मॉड्यूल यांचे नामकरण : वाचनीयतेकडून विश्वासार्हतेकडे

कोणतीही मोठी संगणक प्रणाली आज एका हाताने किंवा एकाच संस्थेच्या भिंतींआड तयार होत नाही. तारखांची आकडेमोड, मजकुराची छाननी, छायाचित्रांवरील प्रक्रिया, गुप्तलेखन, संगणकजाळ्यावरून होणारी माहितीची देवाणघेवाण अशी नित्याची कामे करणारे हजारो तयार घटक जगभरातील प्रोग्रॅमरांनी लिहून ठेवलेले आहेत. नवी प्रणाली उभारणारा अभियंता त्यांपैकी हवे ते घटक नावाने मागवून घेतो. येथे ‘नावाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मागवलेल्या घटकाचे अंतरंग तो सहसा तपासत नाही; नाव टंकतो आणि त्या नावाने जे उपलब्ध होईल ते आपल्या यंत्रावर उतरवून घेतो. बँक, रुग्णालय, वीज वितरण केंद्र किंवा शासकीय सेवा यांच्या प्रणालीही याच रीतीने उभ्या राहतात.

त्यामुळे लायब्ररी आणि मॉड्यूल यांना नावे कशी द्यावीत, हा प्रश्न वरवर तांत्रिक आणि किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. हे संकेत प्रथम निर्माण झाले ते आज्ञावली वाचणे सोपे जावे म्हणून. मात्र गेल्या सुमारे दहा वर्षांत नाव देण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या नावावर विश्वास कोणत्या आधारे ठेवायचा, हा सायबर सुरक्षेतील मध्यवर्ती प्रश्न बनला आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी हा विषय या दोन्ही अंगांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

संज्ञांचा अर्थ

प्रथम तीन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. ‘मॉड्यूल’ म्हणजे आज्ञावलीचा असा स्वतंत्र भाग, जो एक ठराविक काम करतो आणि ज्याचा वापर दुसऱ्या आज्ञावलीत करता येतो. पायथन या भाषेत सामान्यतः एक फाइल म्हणजे एक मॉड्यूल होय. परस्परसंबंधित मॉड्यूलांचा, वापरासाठी एकत्र उपलब्ध करून दिलेला संच म्हणजे ‘लायब्ररी’. ‘पॅकेज’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : काही भाषांमध्ये मॉड्यूलांची श्रेणीबद्ध मांडणी या अर्थाने, तर अन्यत्र सार्वजनिक भांडारातून उतरवून घेण्याजोगे गाठोडे या अर्थाने. या भांडाराला ‘रजिस्ट्री’ असेही म्हणतात. पायथनसाठीच्या ‘पायपीआय’ या भांडारात पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. जावास्क्रिप्टसाठीच्या ‘एनपीएम’ या भांडारात वीस लाखांहून अधिक पॅकेजे आहेत. एवढ्या विस्तारात प्रत्येक घटकाला वेगळे, अर्थपूर्ण आणि लक्षात राहील असे नाव देणे हेच एक मोठे काम होय.

चांगल्या नावाकडून तीन अपेक्षा असतात. पहिली, त्या घटकाला इतरांपासून वेगळे ओळखता यावे. दुसरी, नावावरून त्याच्या कामाची कल्पना यावी. तिसरी, तो कोणाकडून आला हे कळावे. भाषांगणिक संकेत भिन्न असले, तरी प्रत्येक पद्धतीने या तीन अपेक्षांचा मेळ कसा घातला एवढाच त्यांतील मुख्य भेद आहे.

सहा अक्षरांचा काळ

संगणकाची स्मृती तुटपुंजी होती त्या काळात नावांच्या लांबीवर कठोर मर्यादा होत्या. वैज्ञानिक गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या फोर्ट्रान भाषेत नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नसे. सी भाषेच्या १९८९ च्या मानकानेही, वेगवेगळ्या फाइलींमध्ये वापरल्या जाणाऱ्या नावांची फक्त पहिली सहा अक्षरे निश्चितपणे विचारात घेतली जातील, एवढीच हमी दिली होती; १९९९ च्या मानकाने ही मर्यादा ३१ अक्षरांपर्यंत वाढवली. सी भाषेतील ‘स्ट्रिंग कॉपी’ या क्रियेचे नाव स्वर गाळून सहा इंग्रजी अक्षरांत का लिहिले जाते, याचे कारण या मर्यादेत सापडते.

मर्यादा आली की शिस्तही येते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘लापॅक’ ही रेषीय बीजगणिताची लायब्ररी. तिच्यातील नावांची रचना सांकेतिक आहे. पहिले अक्षर संख्येचा प्रकार सांगते, पुढील दोन अक्षरे मॅट्रिक्सचा प्रकार सांगतात आणि उरलेली अक्षरे करावयाची क्रिया सांगतात. ‘डी-जी-ई-एस-व्ही’ या नावात ‘डी’ म्हणजे दुहेरी अचूकतेची संख्या, ‘जीई’ म्हणजे सर्वसाधारण मॅट्रिक्स आणि ‘एसव्ही’ म्हणजे समीकरणांची उकल. हा संकेत एकदा कळला की शेकडो नावे पाठ न करता वाचता येतात. पायथनमधील लोकप्रिय ‘नमपाय’ लायब्ररी समीकरणे सोडवताना आजही लापॅकच्या याच कुळातील कार्यांचा आधार घेते. तीन दशकांनंतरही हा संकेत उपयोगात आहे, ही बाब सुसूत्र नामकरणाचे मोल दाखवते.

सी भाषेत नावांसाठी स्वतंत्र कप्पे नाहीत. सर्व नावे एकाच अंगणात नांदतात. म्हणून तेथे उपसर्गाची प्रथा रूढ झाली. चित्रांसाठीच्या ‘लिबपीएनजी’ या लायब्ररीतील कार्यांची नावे ‘पीएनजी’ या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे दुसऱ्या लायब्ररीतील नावांशी त्यांची टक्कर होत नाही. युनिक्स परंपरेतील लायब्ररींच्या फाइलनावांच्या आरंभी दिसणारे ‘लिब’ हे तीन अक्षरांचे चिन्हही असाच एक संकेत आहे.

उलट्या पत्त्याची पद्धत

इंटरनेटच्या प्रसाराबरोबर घटकांची देवाणघेवाण जागतिक झाली आणि केवळ उपसर्ग अपुरा पडू लागला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पर्ल भाषेच्या ‘सीपॅन’ भांडाराने विषयवार श्रेणी स्वीकारली. जाळ्याशी संबंधित मॉड्यूल ‘नेट’ या शीर्षाखाली, मजकुराशी संबंधित मॉड्यूल ‘टेक्स्ट’ या शीर्षाखाली, भाषाविषयक मॉड्यूल ‘लिंग्वा’ या शीर्षाखाली, अशी ग्रंथालयातील वर्गीकरणासारखी ही व्यवस्था होती. तिच्यातून घटकाचे काम कळत असे. निर्माता मात्र कळत नसे.

जावा भाषेने वेगळा मार्ग पत्करला. इंटरनेटवरील क्षेत्रनाम, म्हणजे डोमेन, जगात एकमेव असते आणि ते नोंदणी करून मिळवावे लागते. तेच नाव उलट्या क्रमाने लिहून पॅकेजच्या नावाचा आरंभ करावा, असा संकेत जावाने रूढ केला. क्षेत्रनामात विशिष्ट भाग आधी आणि व्यापक भाग शेवटी असतो. उलटल्यावर व्यापकाकडून विशिष्टाकडे जाणारी मांडणी मिळते. टपालाच्या पत्त्यात घर क्रमांक आधी व राज्य शेवटी असते. तोच पत्ता राज्य, जिल्हा, गाव, घर या क्रमाने लिहावा तसे हे आहे. पॅकेजचे संपूर्ण नाव लहान लिपीत लिहायचे, तर त्यातील क्लासच्या नावातील प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत, हा त्याच संकेताचा दुसरा भाग.

या पद्धतीचे भारतीय उदाहरण म्हणून ‘मोसिप’चा उल्लेख करता येईल. बंगळुरू येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ मध्ये आरंभ झालेला हा मुक्तस्रोत ओळख-मंच फिलिपीन्स आणि मोरोक्को यांसारख्या देशांनी स्वीकारला आहे. त्याचे संकेतस्थळ ‘मोसिप डॉट आयओ’ या नावाचे असल्याने त्याच्या जावा पॅकेजांची नावे ‘आयओ डॉट मोसिप’ या शब्दांनी सुरू होतात. त्यापुढे नोंदणीसाठी ‘रजिस्ट्रेशन’, प्रमाणीकरणासाठी ‘ऑथेंटिकेशन’, सामाईक सेवांसाठी ‘कर्नल’ असे भाग येतात. अनेक देशांतील अभियंत्यांनी एकाच आज्ञावलीवर काम करायचे असेल, तर नावावरूनच भागाचे स्थान कळणे किती सोयीचे असते हे यावरून ध्यानात येते.

जावाचे प्रमुख भांडार ‘मेव्हन सेंट्रल’ येथे एखाद्या क्षेत्रनामावर आधारित नाव वापरायचे असल्यास त्या क्षेत्रनामावरील ताबा सिद्ध करावा लागतो. म्हणजे येथे सौजन्याच्या संकेताला पडताळणीची जोड मिळाली. गो भाषेने २०१८ पासून आणलेल्या मॉड्यूल पद्धतीत तर मॉड्यूलचे नाव म्हणजे सामान्यतः ते जेथे ठेवले आहे त्या भांडाराचा पत्ताच असतो आणि दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून आवृत्तीचा क्रमांकही त्या नावात अंतर्भूत करावा लागतो. जुन्या आवृत्तीवर विसंबलेल्या आज्ञावलीला अनपेक्षितपणे विसंगत नवी आवृत्ती मिळू नये, हा त्यामागील हेतू.

पायथनची शिस्त

पायथन भाषेची लेखनशैली ‘पेप-८’ या दस्तऐवजात नमूद आहे. २००१ मध्ये तयार झालेल्या या दस्तऐवजाच्या लेखकांत भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा समावेश आहे. त्यानुसार मॉड्यूलचे नाव छोटे आणि संपूर्णपणे लहान लिपीत असावे; वाचनीयता वाढत असेल तर शब्दांमध्ये अधोरेखा वापरता येते. पॅकेजच्या नावात अधोरेखा शक्यतो टाळावी. क्लासच्या नावातील प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे असावे आणि स्थिरांकांची नावे संपूर्णपणे मोठ्या लिपीत असावीत. नावाच्या आरंभी एक अधोरेखा असेल, तर तो घटक अंतर्गत वापरासाठी आहे असे समजावे.

या नियमांमागे व्यावहारिक कारणे आहेत. मॉड्यूलचे नाव हेच फाइलचे नाव असते. काही संगणकांच्या फाइलव्यवस्था मोठ्या व लहान लिपीत भेद करत नाहीत, तर काही करतात. केवळ लिपीभेदावर विसंबलेले नाव एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर अडते. पायथनच्या स्वतःच्या प्रमाण लायब्ररीतही आरंभी ही शिस्त पाळली गेली नव्हती. २००८ मध्ये पायथनची तिसरी मुख्य आवृत्ती आली तेव्हा ‘कॉन्फिगपार्सर’, ‘क्यू’, ‘सॉकेटसर्व्हर’ या मॉड्यूलांची मोठ्या लिपीतील नावे बदलून लहान लिपीत आणली गेली. बदल एक-दोन अक्षरांच्या आकाराचा असला, तरी जुनी नावे वापरणाऱ्या असंख्य आज्ञावली त्यासाठी दुरुस्त कराव्या लागल्या. नाव एकदा सार्वजनिक झाले की ते बदलण्याचा खर्च निर्मात्याला नव्हे, तर सर्व वापरकर्त्यांना सोसावा लागतो, हा याचा धडा.

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ उडवणाऱ्या दोन बाबी नोंदवणे आवश्यक आहे. पहिली, भांडारातील नाव आणि आज्ञावलीत वापरायचे नाव ही एकच असतील असे नाही. ‘पिलो’ या नावाने उतरवलेली चित्रविषयक लायब्ररी वापरताना ‘पीआयएल’ असे लिहावे लागते. ‘सायकिट-लर्न’ वापरताना ‘एसकेलर्न’ असे लिहावे लागते. भारतीय भाषांवरील प्रक्रियेसाठी असलेली ‘इंडिक-एनएलपी-लायब्ररी’ आज्ञावलीत ‘इंडिकएनएलपी’ बनते. दुसरी बाब अशी की, स्वतःच्या सरावाच्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘ईमेल’ असे प्रमाण लायब्ररीतील मॉड्यूलचे नाव दिले, तर पायथन प्रथम आज्ञावलीच्याच फोल्डरमध्ये शोध घेत असल्याने मूळ मॉड्यूलऐवजी ती फाइल उचलली जाते आणि आज्ञावली अनाकलनीय त्रुटी दाखवते. नामसाधर्म्यामुळे खऱ्याच्या जागी दुसराच उभा राहतो, हे तत्त्व येथे निरुपद्रवी स्वरूपात दिसते. याच तत्त्वाचा दुरुपयोग कसा होतो, ते पुढे पाहू.

प्रथम येईल त्याचे नाव

जावाच्या पद्धतीत नावाची मालकी क्षेत्रनामावरून ठरते. याउलट पायपीआय आणि एनपीएम यांनी आरंभी सपाट पद्धत स्वीकारली. म्हणजे जो प्रथम येईल, त्याला नाव मिळेल. ही पद्धत सोपी आणि मुक्त होती. नवोदितालाही क्षणार्धात आपली लायब्ररी जगापुढे ठेवता येत असे. परंतु मालकीचा वाद उद्भवला तर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

मार्च २०१६ मध्ये असा वाद उद्भवला. एका विकासकाच्या एनपीएमवरील ‘किक’ नावाच्या पॅकेजवर त्याच नावाची संदेशसेवा चालवणाऱ्या कंपनीने हक्क सांगितला. भांडाराच्या व्यवस्थापनाने ते नाव कंपनीकडे सोपवले. निषेध म्हणून त्या विकासकाने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. मजकुराच्या डाव्या बाजूस ठराविक लांबी होईपर्यंत रिकाम्या जागा किंवा अक्षरे भरणे, एवढेच त्याचे काम. पण ‘बॅबेल’सारखी बहुप्रचलित साधने अप्रत्यक्षपणे त्यावर अवलंबून असल्याने जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास थांबली. अखेर व्यवस्थापनाने ते पॅकेज पुन्हा उपलब्ध केले आणि प्रसिद्ध झालेली पॅकेजे मागे घेण्याविषयीचे नियम कडक केले. एखादे नाव अचानक नाहीसे होणे हीदेखील सार्वजनिक आपत्ती ठरू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

एनपीएमवर २०१४ पासून ‘स्कोप’ची सोय आहे. ‘ॲट’ चिन्हानंतर संस्थेचे किंवा वापरकर्त्याचे नाव, तिरकी रेघ आणि मग पॅकेजचे नाव, अशी ही रचना असते. आडनावासारखा हा भाग केवळ त्याच्या धारकालाच वापरता येतो. सपाट पद्धतही अशा रीतीने श्रेणीबद्ध पद्धतीकडे वळली.

एका अक्षराची किंमत

प्रथम येईल त्याचे नाव, या नियमाचा लाभ गुन्हेगारांनाही मिळतो. प्रसिद्ध लायब्ररीच्या नावात एखादे अक्षर गाळून, वाढवून किंवा बदलून सारखे दिसणारे नाव नोंदवायचे आणि टंकनाची चूक करणाऱ्याची वाट पाहायची, या प्रकाराला ‘टायपोस्क्वॉटिंग’ म्हणतात. २०१६ मध्ये जर्मनीतील एका विद्यार्थ्याने आपल्या पदवी प्रबंधासाठी अशी फसव्या नावांची सुमारे दोनशे निरुपद्रवी पॅकेजे विविध भांडारांत ठेवली. ती १७ हजारांहून अधिक संगणकांवर चालवली गेल्याचे त्याला आढळले.

सप्टेंबर २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने पायपीआयवरील अशी दहा बनावट पॅकेजे उघडकीस आणली. त्यांतील एक ‘यूआरएललिब३’ या प्रसिद्ध लायब्ररीच्या नावातील लागोपाठच्या दोन ‘एल’ अक्षरांपैकी एक गाळून बनवले होते. त्याच वर्षी एनपीएमवर ‘क्रॉस-एन्व्ह’ या पॅकेजच्या नावातील जोडरेघ काढून टाकलेले बनावट पॅकेज सापडले. ते संगणकावरील गोपनीय मूल्ये चोरून बाहेर पाठवत होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ‘जेलीफिश’ या पायथन लायब्ररीचा तोतया उघड झाला. त्याच्या नावात लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ होता. अनेक अक्षरवळणांत ही दोन इंग्रजी अक्षरे एकसारखी दिसतात, त्यामुळे डोळ्यांनी वाचून तो फरक कळणे जवळजवळ अशक्य होते.

अशा फसवणुकीस आळा घालण्यासाठी भांडारांनी नावांचे ‘सामान्यीकरण’ स्वीकारले आहे. पायपीआय नावांची तुलना करताना मोठ्या-लहान लिपीतील भेद दुर्लक्षिते आणि जोडरेघ, अधोरेखा व बिंदू यांना समान मानते. त्यामुळे केवळ या चिन्हांत फरक असलेली दोन नावे वेगवेगळ्या व्यक्तींना मिळू शकत नाहीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसन या सुरक्षा संशोधकाने आणखी एक कमकुवत दुवा दाखवला. मोठ्या कंपन्या अंतर्गत वापरासाठी खासगी पॅकेजे तयार करतात. त्यांची नावे सार्वजनिक भांडारात मोकळी असल्याचे पाहून त्याने त्याच नावांची पॅकेजे तेथे नोंदवली. अनेक कंपन्यांच्या स्वयंचलित व्यवस्थांनी खासगी पॅकेजऐवजी सार्वजनिक पॅकेज उचलले. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांसह ३५ हून अधिक कंपन्या या ‘डिपेन्डन्सी कन्फ्यूजन’ला बळी पडू शकतात, असे सिद्ध झाले. येथे टंकनाची चूक कोणाचीच नव्हती. नाव बरोबर होते, परंतु ते कोणाचे हे ठरवणारी व्यवस्था अपुरी होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसाराने या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ भाषा-प्रारूपांकडून आज्ञावलीचे ५ लाख ७६ हजार नमुने तयार करून घेतले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे १९.७ टक्के पॅकेजे अस्तित्वातच नव्हती. अशी काल्पनिक नावे पुनःपुन्हा सुचवली जात असल्यास, कोणीही ते नाव नोंदवून त्यात घातक आज्ञावली ठेवू शकतो. यंत्राने सुचवलेले नाव पडताळून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

देवनागरी नावांचा प्रश्न

आज्ञावलीतील नावे इंग्रजीतच असावीत का, हा प्रश्न भारतीय भाषकांना स्वाभाविकपणे पडतो. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून रोमनेतर लिप्यांतील नावे वापरता येतात; ‘किंमत’ किंवा ‘एकूण’ असे देवनागरी नाव तेथे वैध आहे. शालेय शिक्षणात त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र पायथनच्या प्रमाण लायब्ररीत रोमन अक्षरांचाच नियम आहे आणि पायपीआयवरील नावेही मूळ रोमन अक्षरे, अंक व मोजक्या चिन्हांपुरती मर्यादित आहेत.

मराठीपुरती एक विशेष अडचण आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, दुसरा, साध्या ‘र’नंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारे लिहिलेले नाव पायथन स्वीकारते. दुसऱ्या प्रकारे लिहिलेले नाव अदृश्य चिन्हामुळे नाकारते. दिसायला एक पण साठवणीत भिन्न, अशी नावे ही अडचणीची आणि धोक्याचीही बाब आहे. म्हणून भारतीय लिप्यांतील नामकरणाचा पुरस्कार करताना लेखनाचे प्रमाणीकरण ही त्याची पूर्वअट मानावी लागते.

भारतातील धोरणात्मक चौकट

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आणि ई-प्रशासनाच्या प्रकल्पांत त्यास प्राधान्य देण्याचे ठरवले. मुक्तस्रोत घटकांचा वापर जसजसा वाढतो, तसतशी कोणत्या प्रणालीत कोणता घटक आहे याची नोंद ठेवण्याची गरजही वाढते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली तेव्हा ही गरज प्रकर्षाने जाणवली. त्या नावाच्या कुळात अनेक घटक होते. त्रुटी ‘लॉगफोरजे-कोर’ या घटकात होती, ‘लॉगफोरजे-एपीआय’ या घटकात नव्हती. केवळ ‘लॉगफोरजे आहे का’ असे विचारून भागत नव्हते. पूर्ण नाव व आवृत्ती माहीत असणे अत्यावश्यक होते.

या समस्येवरील उपाय म्हणजे ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’, म्हणजेच प्रणालीतील घटकांची सूची. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटकपदार्थ छापलेले असतात, तशीच ही सूची असते. तिच्यात घटकाचे नाव, आवृत्ती, पुरवठादार आणि घटकांचे परस्परावलंबन नोंदवले जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७० ब अन्वये राष्ट्रीय संस्था म्हणून काम करणाऱ्या ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची व्याप्ती वाढवली. ही सूची उपयुक्त ठरण्यासाठी नावे एकसमान व निःसंदिग्ध असली पाहिजेत. म्हणजे प्रोग्रॅमरांचा शैलीसंकेत येथे राष्ट्रीय सायबर सुरक्षेचा आधार बनतो.

नावाद्वारे विश्वास निर्माण करण्याचे तत्त्व अन्य क्षेत्रांतही दिसते. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हे क्षेत्रनाम केवळ शासकीय संस्थांना मिळते. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव क्षेत्रनाम आणले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्याकडे स्थलांतर करण्याचे निर्देश दिले. फसव्या नावांच्या संकेतस्थळांपासून ग्राहकांचे रक्षण करणे हा त्यामागील एक हेतू होय. सॉफ्टवेअर भांडारांतील पडताळणी आणि बँकांचे राखीव क्षेत्रनाम ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत.

व्यवहारातील पथ्ये

वरील विवेचनातून काही पथ्ये हाती येतात. (१) नाव छोटे पण अर्थवाही असावे; स्वतःपुरती कळणारी संक्षेपरूपे टाळावीत. (२) ज्या भाषेत काम करायचे, तिचा प्रस्थापित संकेत पाळावा. एकाच प्रकल्पात दोन शैली मिसळू नयेत. (३) नाव निश्चित करण्यापूर्वी ते प्रमाण लायब्ररीत किंवा सार्वजनिक भांडारात आधीपासून वापरात नाही ना, हे पाहावे. (४) संस्थेच्या अंतर्गत पॅकेजांना संस्थेचा स्वतंत्र उपसर्ग अथवा स्कोप द्यावा. (५) बाहेरील पॅकेज उतरवताना नाव अधिकृत दस्तऐवजातून घ्यावे आणि आवृत्ती निश्चित करून ठेवावी. (६) प्रसिद्ध झालेले नाव अपरिहार्य कारणाशिवाय बदलू नये. बदलावेच लागले तर जुन्या नावाने येणाऱ्यांसाठी पुरेशी मुदत आणि मार्गदर्शन ठेवावे.

समारोप

सहा अक्षरांच्या सांकेतिक नावांपासून पडताळणी केलेल्या क्षेत्रनामांपर्यंतचा हा प्रवास, संगणकक्षेत्र एका लहान गटाच्या कामातून सार्वजनिक पायाभूत सुविधेकडे कसे गेले, हे सांगतो. लहान गटात सर्व जण एकमेकांना ओळखतात, तेथे नाव केवळ सोयीसाठी असते. अपरिचितांच्या विशाल जगात मात्र नाव हीच ओळख आणि हाच विश्वासाचा आधार असतो. मुक्त सहभाग आणि पडताळणी यांत संतुलन राखणे हे यापुढील आव्हान आहे. पडताळणी अतिरेकी झाली, तर मुक्तस्रोत चळवळीत नवोदितांना वाव राहणार नाही. ती शिथिल राहिली, तर एका अक्षराच्या फरकाने सार्वजनिक सेवा धोक्यात येईल. आपल्या पहिल्या मॉड्यूलला विचारपूर्वक नाव देणारा विद्यार्थी या संतुलनातील आपला वाटा उचलत असतो.